कंट्रोलर दोनदा का गेला? घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या एका बिघाडाचं प्रकरण

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला. दुपारी साडेतीनला नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या दुकानात भाचा आला तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका हातात स्केटबोर्ड, दुसऱ्या हाताचं कोपर सोललेलं, त्यावर हळद लावलेली. बोर्ड बेंचवर ठेवत तो म्हणाला, "मामा, हापण गेला."

त्या "हापण"वर मी हातातलं काम थांबवलं. महिनाभरापूर्वी त्याच्या बोर्डाचा पहिला मोटर कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज हवी तेवढीच मोटरला देणारं सर्किट, बंद पडला होता. तेव्हा दुकानात इन्व्हर्टरची गर्दी होती म्हणून त्याने मला न दाखवता दुसरा मागवला आणि स्वतःच बसवला. साडेसहा हजारांचा. शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे होते ते. आणि अकराव्या दिवशी दुसराही रुसायला लागला.

मी ई-रिक्षाचे कंट्रोलर आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो. एकाच गाडीत पाठोपाठ दोन कंट्रोलर गेले असतील तर तिसरा बसवायचा नाही, आधी त्यांना मारणारा शोधायचा, हे या धंद्यात नुकसान सोसूनच शिकलो आहे. कंट्रोलर हा गाडीतला सगळ्यात नाजूक भाग. बिघाड कुठेही जन्मला तरी मरतो हाच, आणि मग सगळा दोष त्याच्या माथी येतो. भाच्याच्या मित्रांचं निदान ठरलेलं होतं: माल डुप्लिकेट आहे, परत कर. मी त्याला म्हटलं, आठ दिवस दे मला, आणि रोज संध्याकाळी येऊन सोबत बस.

बोर्ड

आधी या बोर्डात काय आहे ते सांगतो, कारण पुढचा हिशेब त्यावरच चालतो. फळी मरीन प्लायची, घरीच कापून घासलेली. मागच्या एका चाकाला ६३७४ मापाची ब्रशलेस मोटर, म्हणजे बाहेरून ६३ मिलिमीटर व्यासाची आणि ७४ मिलिमीटर लांबीची. केव्ही १९०, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला १९० फेरे. मोटरच्या पुलीला १५ दाते, चाकाच्या पुलीला ३६, मध्ये दातेरी पट्टा. चाक ९० मिलिमीटरचं. बॅटरी १८६५० सेलची, दहा सीरिजमध्ये, चार पॅरललमध्ये: चालू व्होल्टेज ३६, पूर्ण चार्ज केल्यावर ४२. कागदावर मोटर ३६ व्होल्टला ६,८४० फेरे घेते, चाक २,८५०, आणि वेग येतो ताशी ४८ किलोमीटर. वर माणूस उभा राहिला की एवढा मिळत नाही, आणि तसाही भाच्याने वेग २५ वर बांधून ठेवला होता. ही त्याने शहाणपणाची गोष्ट केली होती, नाहीतर कोपरावर निभावलं नसतं.

कंट्रोलर व्हेस्क पद्धतीचा. बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने याच्या सर्किटचा नकाशा आणि त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, म्हणून अनेक कारखाने तसे बोर्ड बनवतात. आत सहा मॉसफेट, म्हणजे वेगाने उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच. प्रत्येक फेजला, म्हणजे मोटरच्या तीन वायरपैकी एकेकीला, दोन: एक वरचा, बॅटरीच्या प्लसकडचा, आणि एक खालचा, मायनसकडचा. त्यांना उघडझाप करायला लावणारी ड्रायव्हर चिप डीआरव्ही ८३०२, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा एसटीएम ३२ जातीचा प्रोसेसर. माझ्यासारख्या माणसाला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही की हा कंट्रोलर आपल्या तक्रारी लिहून ठेवतो. ई-रिक्षाच्या साध्या कंट्रोलरमध्ये आम्हाला नाडी बघून रोग ओळखावा लागतो. इथे रोगी स्वतः बोलतो.

पहिला, पूर्ण मेलेला कंट्रोलर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. तो आधी घेतला. मल्टिमीटर डायोडच्या रेंजवर लावला, काळी तार बॅटरीच्या प्लसवर, लाल तार एकेका फेजवर. चांगल्या मॉसफेटच्या आतला डायोड ०.४ ते ०.५ व्होल्ट दाखवतो. तिन्ही फेजवर ०.४५ च्या आसपास आलं, म्हणजे वरचे तिन्ही शाबूत. मग लाल तार मायनसवर आणि काळी एकेका फेजवर. पहिला फेज ०.४६. तिसरा ०.४५. मधल्या फेजवर मीटरने शिट्टी मारली: ०.००२. मधल्या फेजचा खालचा मॉसफेट आरपार शॉर्ट. मी वहीत लिहून ठेवलं, "मधला फेज", आणि त्याला विचारलं की मधल्या फेजला मोटरची कोणती वायर होती. मोटरला निळी, पिवळी आणि काळी अशा तीन वायर. तो म्हणाला, "पिवळी. दोन्ही वेळा पिवळीच मधात लावली."

ही नोंद पुढे कामी आली.

नोंद काय सांगते

दुसऱ्या कंट्रोलरवर हीच तपासणी केली. सहाच्या सहा डायोड ठीक. म्हणजे "हापण गेला" हे खरं नव्हतं. तो जिवंत होता, फक्त मधूनमधून काम सोडत होता.

मग भाच्याला प्रश्न विचारले. कधी बंद होतो? चालताचालता, एकदम. किती वेळ? अर्धा सेकंद, मग पुन्हा धरतो. चढावर की सपाटीवर? दोन्हीकडे. घरी चाक उचलून चालवलं तर? कधीच नाही. बंद होताना काही दिसतं? लाल दिवा चार वेळा लुकलुकतो.

"चार? नीट मोजले का?"

"मोजले ना मामा. दर वेळेस चारच."

चार म्हणजे करंट ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या वर गेला. तीन असते तर ड्रायव्हर चिपची तक्रार, पाच असते तर मॉसफेट तापल्याची. आणि अर्धा सेकंद थांबून पुन्हा धरणं हा कंट्रोलरचा नेहमीचा रिवाज आहे: चूक दिसली की तो मोटर सोडून देतो आणि ५०० मिलिसेकंदांनी पुन्हा हुकूम घ्यायला तयार होतो. पण धावत्या फळीवर उभ्या माणसाला अर्धा सेकंद फार असतो. पुढे झुकलेल्या अंगाखालचा जोर गेला की तोल गेलाच. ताईने त्याच संध्याकाळी मला फोन करून सांगितलं होतं, "हे नीट होत नसेल तर ती फळी मी भंगारवाल्याले देऊन टाकते." तिचं चुकत नव्हतं.

आता संशयित. पहिला अर्थातच नवतपा. नागपुरात मे महिन्यात काहीही बिघडलं तर माणूस आधी उन्हाकडे बोट दाखवतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पारा ४५ च्या वर, बंद डब्यातला कंट्रोलर, खालून तापलेला रस्ता. पण उष्णतेची चाल निराळी असते. आमच्या सेटिंगमध्ये मॉसफेट ८० अंशांच्या पुढे गेले की कंट्रोलर हळूहळू करंट कमी करायला लागतो आणि १०० ला पूर्ण हात आखडतो. बोर्ड आधी सुस्तावतो, मग थांबतो. झटक्यात बंद पडून झटक्यात सुरू होणं हे उष्णतेचं लक्षण नाही. तरी खात्री हवी म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याच्या घरासमोर गेलो. भाचा हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड घालून बोर्डवर, मी मागून स्कूटरवर. तीनशे मीटरमध्ये बोर्डाचा जोर दोनदा सुटला. मॉसफेटचं तापमान तेव्हा ४४ अंश. उष्णतेचं नाव तिथेच खोडलं.

त्याच जागी, वीज बंद न करता, लॅपटॉप जोडला आणि फॉल्टची यादी काढली. वीज बंद न करता हे महत्त्वाचं आहे, कारण ही यादी कंट्रोलरच्या तात्पुरत्या स्मरणात असते. एकदा बॅटरी तोडली की पुसली जाते. यातून आणखी एक निकाल आपोआप लागतो: यादी शिल्लक आहे याचाच अर्थ झटका बसला तेव्हा कंट्रोलरची वीज गेली नव्हती. म्हणजे बॅटरी, तिचा बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारं सर्किट, आणि मुख्य प्लग यांच्यावरचा संशय फिटला. नाहीतर आम्ही अख्खा पॅक उघडून सेल तपासत बसलो असतो.

पुढच्या तीन सकाळी मिळून सात नोंदी जमल्या. सहा ओव्हर करंटच्या, एक ड्रायव्हर चिपची. व्होल्टेज ३८ ते ३९, तापमान ४४ ते ५१, वेग १६ ते २२ च्या दरम्यान. मोटर करंटची मर्यादा ५० अँपियर, आणि कमाल मर्यादा, जिच्यावर फॉल्ट पडतो, ती १३०. नोंदीत करंट १३० च्या वर. ५० मागितले असताना १३० कुठून आले, हा प्रश्न मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिला.

मध्यंतरी भाच्याला कोणीतरी सुचवलं होतं की ही १३० ची मर्यादा १६० करून टाक, फॉल्ट येणारच नाही. मी त्याला रागावूनच नाही म्हटलं. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालण्याचा हा प्रकार आहे. आपल्याकडे घरोघरी तो होतो आणि जळतं ते मीटरपासून पंख्यापर्यंत सगळं. मर्यादा वाढवली असती तर फॉल्ट दिसणं बंद झालं असतं आणि दुसरा कंट्रोलरही पहिल्याच्या वाटेने गेला असता.

दुसरा संशयित हॉल सेन्सर. मोटरच्या आत तीन हॉल सेन्सर असतात, रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, कुठे आहे ते कंट्रोलरला सांगतात, आणि त्यांच्या बारीक वायर तुटणं ही नेहमीची तक्रार आहे. मलाही आधी तेच वाटलं. पण मग हिशेब केला. या सेटिंगमध्ये हॉलचा उपयोग फक्त हळू वेगात होतो. इलेक्ट्रिकल फेरे मिनिटाला २,५०० च्या पुढे गेले की कंट्रोलर हॉलकडे बघणं सोडतो आणि मोटरच्या व्होल्टेज-करंटवरूनच रोटरची जागा ठरवतो. मोटरला चुंबकाच्या सात जोड्या, म्हणून २,५०० भागिले ७ म्हणजे मोटरचे ३५७ फेरे. भागिले २.४ म्हणजे चाकाचे १४९. चाकाचा परीघ २८ सेंटिमीटर. वेग आला ताशी अडीच किलोमीटर. माणूस चालतो त्याहून कमी. बोर्ड सुटत होता वीसच्या आसपास, जिथे हॉल सेन्सर कामावरच नसतात. तेही नाव खोडलं. कागद-पेन्सिलीने एवढं काम होत असेल तर मोटर खोलायची घाई कशाला करायची!

सिमेंटचा रस्ता

उत्तर हाती लागलं ते एका सहज बोलण्यातून. चौथ्या संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, परवा मित्रासोबत बेस्याकडच्या त्या नव्या लेआउटमध्ये नेला होता. तिथं एकदाही नाही सुटला. अर्धा तास चालवला."

"तिथला रस्ता कसा आहे?"

"डांबरी. नवाच आहे."

आणि त्याच्या घरासमोरचा रस्ता सिमेंटचा. नागपुरात गेल्या काही वर्षांत गल्लीबोळांतही सिमेंटचे रस्ते झाले. सिमेंट तापून फुगतं, निवून आक्रसतं, म्हणून त्यात ठरावीक अंतरावर काप ठेवतात. मोटारीत बसलेल्याला ते जाणवत नाहीत. ९० मिलिमीटरच्या टणक चाकावर उभ्या असलेल्याला प्रत्येक काप टाचेत कळतो. आम्ही टेप लावून मोजलं: दोन कापांमध्ये साडेचार मीटर. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे मागच्या चाकांना, जिथे मोटर बसली आहे, साधारण दर ०.८ सेकंदाला एक दणका.

पाचव्या पहाटे मी स्कूटर बंद करून फुटपाथवर उभा राहिलो आणि फक्त ऐकलं. बोर्ड येत होता: खट, खट, खट, मोटरचा एकसुरी आवाज, खट, आणि त्या खट्‌बरोबर मोटरचा आवाज तुटला. पुन्हा फेरी मारायला लावली. पुन्हा तसंच, दणक्याबरोबरच. त्या क्षणी मला कळलं की आपण कंट्रोलरमध्ये जे शोधतो आहोत ते तारांमध्ये आहे. दणक्याने हलणारं काहीतरी सैल आहे.

इथे मी एक कबुली देतो. हा प्रश्न, "कोणत्या रस्त्यावर?", मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. चढ विचारला, वेळ विचारली, वेग विचारला, रस्ता विचारला नाही. ई-रिक्षाच्या बाबतीत तो विचारायची कधी गरज पडली नव्हती, कारण तिला स्प्रिंग असतात.

पिवळी वायर

दुकानात आल्यावर आधी कंट्रोलरला निर्दोष ठरवायचं की दोषी, ते करून घेतलं. तो बोर्डातून काढला आणि माझ्याकडे पडून असलेल्या सायकलच्या ३५० वॅटच्या हब मोटरला जोडला, तिच्या मापाप्रमाणे सेटिंग बदलून. तासभर चालवला, स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने वरून, बाजूने, खालून ठोकला. एकही फॉल्ट नाही. कंट्रोलर सुटला.

मग तो परत बोर्डात, मूळ मोटरवर. बोर्ड उलटा बेंचवर बांधला. नुसतं हवेत फिरवून काही होणार नव्हतं, कारण लोड नसेल तर करंटच नसतो. घरी चाक उचलून चालवताना त्याला बिघाड दिसला नाही, त्याचं कारण हेच. म्हणून चाकाला लाकडी पट्टी दाबून ब्रेकसारखा लोड दिला, भाच्याने रिमोट धरला, आणि मी मुठीने हलके हलके टिचक्या मारत गेलो. मोटरवर: काही नाही. कंट्रोलरवर: काही नाही. मधल्या डब्यात, जिथे मोटरच्या तीन वायर कंट्रोलरच्या तीन वायरना बुलेट कनेक्टरने, म्हणजे एकात एक खोचायच्या गोल पितळी जोडांनी, जोडल्या आहेत, तिथे तिसऱ्या टिचकीला मोटर अडखळली आणि लाल दिवा लुकलुकला. चार वेळा.

तीन बुलेटना बोट लावून पाहिलं. निळी आणि काळी कोमट. पिवळीला बोट ठेववेना.

संशयाला जागा राहू नये म्हणून वायरींची अदलाबदल केली: पिवळी मधल्या फेजवरून पहिल्या फेजवर आणली. दोष कंट्रोलरच्या मधल्या फेजचा असेल तर तो मध्येच राहील, पिवळीचा असेल तर पिवळीबरोबर जाईल. मोटर उलटी फिरली, ते अपेक्षितच होतं. दहा मिनिटं लोडवर चालवून बोट लावलं. पिवळीच तापलेली.

आता मोजमाप. साधं मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर इथे काही कामाचं नाही. या मोटरचा फेजचा रोधच २४ मिलिओहम आहे, मीटरच्या तारांचा रोध त्याहून कितीतरी जास्त. त्यासाठी आमच्याकडे जुनी युक्ती आहे: बेंच सप्लायमधून बरोबर ५ अँपियर त्या सांध्यातून सोडायचे आणि सांध्याच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे. मिलिव्होल्ट भागिले पाच, झाले मिलिओहम. निळ्या बुलेटवर आले २.२ मिलिव्होल्ट. काळ्यावर २.४. पिवळ्यावर, वायर सरळ धरली तर १४. जरा वाकवली तर ६१. आणि एका कोनात आकडा एकदम सप्लायच्या मर्यादेपर्यंत उडाला, म्हणजे सांधा पूर्ण उघडला. भाचा मीटरकडे बघत होता आणि वायर त्याच्याच हातात होती. त्याने ती तीनदा वाकवून पाहिली, मग हळूच बेंचवर ठेवली.

६१ मिलिव्होल्ट म्हणजे १२ मिलिओहम. ऐकायला काहीच नाही. पण मोटरचा करंट ५० असताना फेजमधून सरासरीने ३५ अँपियर वाहतात, आणि ३५ चा वर्ग गुणिले ०.०१२ म्हणजे जवळपास १५ वॅट उष्णता, वाटाण्याएवढ्या जागेत. मुलं ज्या सोल्डरिंग गनने काम करतात ती २५ वॅटची असते.

ब्लेडने सांध्यावरची स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची नळी, चिरली. आतून ती तपकिरी पडली होती. सोल्डर बुलेटच्या वाटीत वरून मण्यासारखं बसलेलं, राखाडी, दाणेदार, चमक अजिबात नाही. वायर चिमट्याने धरून ओढली तर फारसा जोर न लावता निघून आली. आणि वाटीत तिच्या तारांचे ठसे राहिले, ओल्या मातीत काडीचे उमटावेत तसे, एकेक तार मोजता येईल असे. सोल्डर तारांना चिकटलंच नव्हतं, फक्त त्यांच्याभोवती गोठलं होतं. तारांची टोकं ठिणग्यांनी काळी पडलेली. टीव्ही-रेडिओच्या काळापासून आम्ही याला ड्राय सोल्डर म्हणतो.

कारण समोर होतं. १२ गेजची सिलिकॉन वायर, साडेपाच मिलिमीटरचा पितळी बुलेट, २५ वॅटची गन आणि बिनशिशाचं सोल्डर, जे २२७ अंशांना वितळतं. शिसेवालं ६०-४० सोल्डर १८३ ते १९० मध्येच वितळतं. एवढं जाड तांबं गनची उष्णता शोषून दूर घेऊन जातं. टोकाला लावलेलं सोल्डर वितळलेलं दिसतं, पण खालचं तांबं त्या तापमानाला पोचलेलंच नसतं. निळ्या आणि काळ्याचं नशीब चांगलं म्हणून ते जमले. शिवाय तिन्ही बुलेट डब्यात लोंबकळत होते, कशालाही बांधलेले नव्हते. पिवळा मधला, दर दणक्याला झाकणावर आपटत होता. आधीच कच्चा असलेला सांधा दर ०.८ सेकंदाला हलत होता.

"मामा, मीच केलं होतं हे सोल्डर," भाचा म्हणाला. मी म्हटलं, मी पण असंच करून शिकलो, तुझ्या आजोबांच्या मर्फी रेडिओवर. त्याला वाईट वाटलं होतं ते पैशापेक्षा याचं, की त्याने विकणाऱ्याला फोनवर बरंच बोलून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून त्यांची माफी मागितली. मला त्याचं हे फार आवडलं.

आता मोठ्या अक्षरातल्या प्रश्नाचं उत्तर. ५० मागितले तर १३० का? कंट्रोलर फेजमधला करंट सतत मोजतो आणि मागणीपेक्षा कमी दिसला की व्होल्टेज वाढवतो. पिवळी वायर क्षणभर सुटली की त्या फेजमधला करंट शून्य होतो. कंट्रोलरला वाटतं जोर कमी पडला, तो व्होल्टेज वाढवतो. रोटरची जागाही तो याच मोजमापावरून ठरवत असल्यामुळे तीही चुकते. पुढच्या क्षणी सांधा पुन्हा टेकतो आणि तो चुकीचा, वाढलेला व्होल्टेज मोटरवर पडतो. या मोटरचं इंडक्टन्स, म्हणजे करंट एकदम चढायला होणारा अडथळा, साधारण २० मायक्रोहेन्री. १० व्होल्टची चूक झाली तर करंट दर मायक्रोसेकंदाला अर्धा अँपियर चढतो. सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात १०० अँपियर. कंट्रोलर दर ५० मायक्रोसेकंदांनी बघतो, म्हणजे चार वेळा बघेपर्यंत पाणी डोक्यावरून गेलेलं. तेव्हा तो सगळं सोडून देतो आणि दिवा चार वेळा लुकलुकतो. तो त्याचं काम चोख करत होता. पहिल्याने असे किती दणके सोसले असतील कोण जाणे. शेवटी त्याचा मॉसफेट गेला तो मधल्या फेजचा, पिवळ्या वायरचा.

दुरुस्ती

फक्त पिवळी नीट करून भागणार नव्हतं. तिन्ही बुलेट कापून टाकले आणि नवे घेतले. लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडून बुलेट वाटी वर करून उभा केला, म्हणजे पक्कड त्याची उष्णता खात नाही. १०० वॅटची गन, रुंद टोकाची. आधी वाटीत फ्लक्स आणि ६०-४० सोल्डर अर्ध्यापर्यंत. वायरच्या तारा वेगळ्या शिलवून घेतल्या, म्हणजे त्यांच्यावर सोल्डरचा पातळ थर चढवून घेतला. मग गन बुलेटच्या बाजूला लावून ठेवली, आतलं सोल्डर पाण्यासारखं हललं तेव्हा वायर बुडवली, चार-पाच सेकंद तसंच धरलं, गन काढली आणि सोल्डर गोठेपर्यंत हात हलू दिला नाही. फुंकर मारायची नाही. घाईत सगळे मारतात, आणि गोठतानाच सांधा हलला की पुन्हा तीच दाणेदार राख. पहिला मी करून दाखवला, उरलेले दोन त्याने केले. थंड झाल्यावर चिमट्याने जोरात ओढून पाहिले, मग स्लीव्ह चढवली.

नंतर डब्यात रबराची पट्टी चिकटवून तिन्ही वायर टायने तिच्यावर बांधल्या, बुलेटच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे दणका वायरने खावा, सांध्याने नाही. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतची वायर विनाकारण लांब होती, ती २० सेंटिमीटर कमी केली. लांब वायरमुळे व्होल्टेजचे टोकदार झटके येतात आणि ते कंट्रोलरच्या कपॅसिटरना सोसावे लागतात. हे करताना बॅटरी आधी काढून ठेवली आणि कपॅसिटरमधला उरलेला चार्ज रेझिस्टर लावून उतरवला. कोणी हे वाचून काम करणार असेल तर ही पायरी गाळू नये, आणि मोटर चालू असताना फेजची वायर कधीही ओढू नये.

पुन्हा ५ अँपियर सोडून मोजलं: तिन्ही बुलेटवर २.० ते २.३ मिलिव्होल्ट, वाकवलं तरी तेच. लॅपटॉपवरून मोटरचा रोध मोजायला लावला. आधी वायर ढकलली की तो २४ वरून २९ वर उडायचा. आता पाचही वेळा २४.

मग पाच सकाळी त्याच सिमेंटच्या रस्त्यावर. एकूण १४ किलोमीटर. रोज परत आल्यावर वीज बंद न करता यादी उघडायची, आणि ती रिकामी निघायची. पाचव्या दिवशी ताई गेटपाशी उभी राहून बघत होती. तिने काही म्हटलं नाही, आत जाऊन दोघांसाठी चहा टाकला.

मेलेल्या पहिल्या कंट्रोलरवर पावसाळ्यात, काम कमी असताना, हात घातला. शॉर्ट झालेला मॉसफेट, त्याचा वरचा जोडीदार आणि ड्रायव्हर चिप असे तिन्ही बदलले. ड्रायव्हर चिपच्या पोटाखालीही सोल्डरचा पत्रा असतो, त्यामुळे गरम हवेच्या गनशिवाय ती निघत नाही, आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. आता तो हब मोटरवर नीट चालतो. भाच्याला बोर्डाला दुसरी मोटर लावायची आहे, दोन कंट्रोलर आणि दोन मोटरी. मी त्याला सांगितलं की कंट्रोलर घेऊन जा, पण सहाही बुलेट इथे, माझ्या समोर सोल्डर कर. मागच्या रविवारी त्याने ते केले. मी वहीत लिहून घेतले: २.१, २.०, २.३, २.१, २.२, २.०.